पिवळं दिसलं की सोनकी? आधी पान बघा

तुम्ही विचारलंय: "सप्टेंबरअखेर कासला गेलो, मग पुण्याच्या टेकड्यांवर फिरलो. पिवळ्या आणि जांभळ्या रानफुलांचे चाळीसेक फोटो आहेत. ॲप दर वेळी वेगळं नाव सांगतं. ही फुलं ओळखायची कशी?"

आधी एक काम करा. त्या चाळीस फोटोंपैकी किती फोटोंत पान दिसतंय ते मोजा. बहुधा चार-पाच निघतील. ॲप बिचारं रंगावरून अंदाज बांधतं, आणि रंग हा या मोसमातला सगळ्यात कच्चा साक्षीदार आहे.

मी स्वतः यात फसलोय. टेकडीवरच्या पिवळ्या-केशरी फुलांना मी कित्येक वर्षं सोनकी म्हणायचो, आणि तेही छातीठोकपणे. एकदा बरोबरच्या शाळकरी मुलीने विचारलं, "काका, सोनकीचं पान झेंडूसारखं असतं का?" नसतं. मी खाली वाकलो, पान हातात धरलं आणि गप्प बसलो. तो कॉसमॉस होता, मूळचा मेक्सिकोचा. बागेतून निसटला आणि पुण्याच्या टेकड्यांवर माजला. त्याची पानं समोरासमोर येतात आणि बारीक चिरलेली असतात. कडेच्या पाकळ्या साधारण आठ, टोकाला दाते पडलेल्या. बी लांब, सुईसारखी. झाड कमरेपर्यंत सहज जातं. खरी सोनकी त्यामानाने बुटकी. तिची पानं एकाआड एक, न चिरलेली, फक्त कडा दातेरी. फूल दोन्हींचं सूर्यफुलाच्या घराण्यातलं, म्हणजे ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरं तर बारीक फुलांचा गुच्छ असतो. म्हणूनच लांबून गफलत होते. तुमच्या टेकडीवरच्या फोटोंमध्ये कॉसमॉस बराच असेल, अशी माझी पैज.

तिसरं पिवळं म्हणजे कासवरचा कवला. हा तर सोनकीचा लांबचाही नातेवाईक नाही, वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातला आहे. एक पाकळी वर उभी पसरलेली, खाली दोन मिटल्यासारख्या. काही जातींत वरच्या पाकळीवर तांबूस ठिपके असतात. समोरून बघितलं की मिकी माऊस दिसतो, आणि लोकही त्याला तेच म्हणतात. पान चिंचेच्या पाल्याची छोटी आवृत्ती. एकदा हे ध्यानात आलं की सोनकी आणि कवल्यात परत गोंधळ होत नाही.

जांभळ्यांचं प्रकरण जरा नाजूक आहे. इथे पानाच्याही आधी पायाखाली बघा. कासचं पठार म्हणजे बेसाल्टवर जांभ्याचा थर आणि त्यावर मातीचा पातळसा पापुद्रा. पाणी मुरत नाही, साचतं नाहीतर झिरपत राहतं. जिथे बूट चिकचिकतो तिथे सीतेची आसवं: बोटभर काडी, पान जवळजवळ दिसतच नाही, वर निळसर-जांभळं फूल आणि त्याला मागे शेपटीसारखी नळी. दिसायला एवढी गरीब, पण जमिनीखालच्या बारीक फुग्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडून खाते. तिच्याच शेजारी पांढऱ्या शर्टाच्या बटणांसारखं काही विखुरलेलं दिसलं, तर ते गेंद. त्या एकेका बटणातही खूप फुलं दाटीने बसलेली असतात.

तेरडा ओळखायला भिंग लागत नाही. फुलामागे नळी याचीही असते, पण तेरड्याला भरपूर पानं असतात आणि पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावलं तरी ते फुटून बिया उडतात. (एखाद्याच बोंडाला लावा, सगळ्या झाडाला नको.) नभाळीसाठी मात्र भिंग न्या. निळ्या-जांभळ्या पुंकेसरांवर तशाच रंगाचे लांब केस असतात, मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेला तरच कळतात. ते दिसले की नाव विचारायची गरज उरत नाही. नभाळी आणि आभाळी या मात्र सख्ख्या बहिणी, त्यांच्यात अजून माझीही चूक होते.

कारवीबद्दल थोडक्यात: सात-आठ वर्षांनी एकदा बहरते, त्यामुळे "गेल्या वर्षी तर इथेच होती" असं कुणी म्हणालं तर ती वेगळी जात असेल किंवा डोंगराची बाजू तरी वेगळी असेल.

पुढच्या वेळी प्रत्येक झाडाचे चार फोटो काढा: फूल समोरून, फूल बाजूने, पान खोडाला जिथे जोडलंय ती जागा, आणि दोन पावलं मागे सरून आजूबाजूची जमीन. बाजूचा फोटो लोक हमखास विसरतात, आणि तेरड्याची किंवा आसवांची नळी नेमकी तिथेच दिसते. पण मागे सरताना पाय कातळावरच पडू द्या, एका पावलाखाली आसवांची अख्खी वसाहत जाते.

हो, आणि तुम्ही ज्याला "दुर्मिळ निळं, पोटलीतून डोकावणारं" म्हणालात, दोन मोठ्या पाकळ्या आणि खाली एक छोटी, तो केना आहे. बांधावर, कुंडीत, कुठेही उगवतो. सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटून जातो, म्हणूनच तुमच्या दुपारी बारानंतरच्या फोटोंमध्ये तो पुन्हा आलेला नाही.