चड्डीवरचे डाग, चावलेला हात आणि 'जुलाब'

"याला सारखे जुलाब होतात. पोट सुधारलं की ऑटिझमही कमी होईल का? दूध आणि ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) बंद करून बघू का?"

सहा वर्षांच्या, मोजकेच शब्द बोलणाऱ्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. जुलाब थांबवायचं औषध देऊन झालं होतं, त्रास उलट वाढला होता. संध्याकाळी मुलगा हात चावायचा, टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभा राहायचा, रात्री दोन-तीनदा उठायचा. घरच्यांनी ते सगळं ऑटिझमच्या खात्यावर टाकलं होतं.

टेबलाची कड मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही, तो असाच सांगतो. म्हणून आधी दोन आठवडे नोंद ठेवायला सांगितली: शीची वेळ, शीचे सात प्रकार दाखवणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यातला प्रकार (१ म्हणजे सुटे कडक खडे, ४ मऊ आणि सलग, ७ निव्वळ पाणी), झोप आणि हात चावल्याची वेळ.

मोठी, कडक शी पाच-सहा दिवसांतून एकदाच होत होती. मधले दिवस चड्डीला नुसते पातळ डाग. चौथ्या दिवसापासून हात चावणं वाढायचं आणि शी झाली की त्या रात्री सलग झोप. जुलाब नव्हतेच, बद्धकोष्ठता होती. गुदाशयात खडा अडकतो, त्याच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपतो, आणि ताणलेल्या गुदाशयाला भरल्याची जाणीव राहत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या हाताला पोटात कडक गोळा लागला.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये हे नवल नाही. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात पोटाच्या तक्रारींची शक्यता इतर मुलांपेक्षा सुमारे चौपट दिसली. ठरावीकच पदार्थ खाणं, कमी पाणी, आतल्या संवेदना उशिरा कळणं, काही औषधं, सगळंच हातभार लावतं. पण पोट बिघडल्याने ऑटिझम होतो, हे सिद्ध झालेलं नाही. लस, आतडी आणि ऑटिझम यांची सांगड घालणारा १९९८चा 'लॅन्सेट'मधला निबंध २०१०मध्ये मागे घेतला गेला. त्याची भीती अजून घरोघरी फिरते.

उपचारात क्रम महत्त्वाचा. आधी डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलने (शी मऊ करणाऱ्या औषधाने) साठलेलं बाहेर काढायचं, मग तंतुमय आहार. खडा तसाच असताना तंतू वाढवले तर पोट आणखी फुगतं. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून २०-३० मिनिटांनी शीला बसवायचं: ५ ते १० मिनिटं, पायाखाली स्टूल, गुडघे कमरेपेक्षा वर. या मुलाला फ्लशच्या आवाजाची धास्ती होती. तो बाहेर गेल्यावरच फ्लश करायचं ठरलं, आणि बसण्याचा निम्मा वाद तिथेच मिटला. पायऱ्यांची चार चित्रं भिंतीवर लावली.

ग्लुटेनबद्दल एवढंच: बंद करण्याआधी सिलिॲकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी हवी, नंतर ती खोटी 'नॉर्मल' येऊ शकते. आधीच सात-आठ पदार्थांवर जगणाऱ्या मुलाचं दूधही तोडलं, तर कॅल्शियम कुठून आणायचं? शीत रक्त, घटतं वजन, हिरवी उलटी दिसली तर मात्र नोंदवहीत अडकून न राहता लगेच डॉक्टर गाठायचे.

तिसऱ्या आठवड्यात शी रोज मऊ होऊ लागली, तसं आईवडिलांनी औषध थांबवलं. डाग परत आले. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात. औषध पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी डोस डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी केला. हात चावणं जवळपास थांबलं. बोलणं मात्र होतं तेवढंच राहिलं. त्यासाठीची वाचा-उपचाराची सत्रं वेगळी चालू आहेत.