मूळ फाईल पुसू नकोस

प्रिय मित्रा,

अंतराळविज्ञान की फोटोग्राफी, एक काहीतरी सोड, असं सगळे सांगताहेत म्हणतोस. सांगू देत. मला डाचलं ते तुझ्या पत्रातलं भलतंच वाक्य: ‘फोटो तयार झाला की रॉ फाईल्स उडवतो, जागा पुरत नाही.’

अरे, कॅमेऱ्यातून आलेली मूळ, न बदललेली फाईल उडवायची, जागा पुरत नाही म्हणून?

मीही उडवल्या होत्या. धूमकेतूचा फोटो होता. शेपटीत मध्येच एक बाक, पुढे फट. वाटलं, माउंट, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड, हलला. माउंट हलला असता तर तारेही फराटले असते. ते तर टाचणीच्या टोकासारखे होते. तेवढंही दिसलं नाही मला. तासभर खपून फट बुजवली, शेपूट रेशमासारखी केली. महिन्याभराने सौर वाऱ्यावर, म्हणजे सूर्यातून सुटणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतावर, काम करणाऱ्या सहकाऱ्याने त्या रात्रीच्या फ्रेम्स मागितल्या. सौर वाऱ्यातल्या उलथापालथीने धूमकेतूची आयन-शेपूट, म्हणजे विद्युतभारित वायूची शेपूट, खरोखर तुटते. कार्ड केव्हाच फॉरमॅट झालं होतं.

माझे गाईड म्हणायचे, फोटो हा रविवारचा छंद. म्हणून कामाच्या फ्रेम्स जपायच्या, हौसेच्या उडवायच्या, अशी माझी वाटणी. चूक माझी एकट्याची नव्हती, हे मी आजही म्हणतो. हट्टी म्हण हवं तर.

रंगांशी खेळ, बिनधास्त खेळ. हबल अंतराळ दुर्बिणीच्या १९९५ च्या गरुड तेजोमेघाच्या फोटोत गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग दिलाय. रंग निवडले, पण निवड लिहून ठेवली. खगोलछायाचित्रकार डेव्हिड मालिन मुळात रसायनशास्त्रातले. १९७५ मध्ये अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत गेले. काचेच्या प्लेट्सवरचा अगदी अंधुक प्रकाश वर काढायच्या त्यांच्या युक्तीतून ‘मालिन १’ ही अवाढव्य, फिकट दीर्घिका सापडली. प्लेट पुसून टाकली असती तर काय वर काढणार होते?

म्हणून मूळ फाईल पुसू नकोस. डार्क (झाकण लावून काढलेली फ्रेम), फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाची फ्रेम), एक्स्पोजर, फिल्टर, नंतर काय घासलंस, काय ताणलंस, सगळं वहीत. कंटाळा येतो, ठाऊक आहे. तरी लिही.

तू पाठवलेल्या तेजोमेघाच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी पुसल्याची खूण दिसते. तिथे काय होतं? सेन्सरवरची धूळ असेल तर फ्लॅटमध्ये तिची सावली त्याच जागी सापडेल. फाईल्स अजून असतील तर आज रात्रीच पाठव.