लोनची सही करायच्या आधी एवढं बघ
अरे, मॅनेजमेंट सीटसाठी लोन काढायची घाई करू नको, सीईटीच्या प्रवेशाचे सगळे राउंड संपू देत आधी. आम्ही घाई केली, बाबांनी खानापूरकडच्या शेताचा उतारा बँकेत ठेवला आणि मला बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यांच्या भागात नोकरी लागली तेव्हा निम्मा पगार हप्त्यातच जायचा, आई पासबुक बघून गप्प बसायची ते अजून डोळ्यासमोर आहे. कोर्स संपून वर्षभर हप्ता नसतो खरं, पण व्याज पैसे उचलल्यापासून चढतंय की! 5 लाख, 10 टक्के, 10 वर्षं धर, महिन्याला साधारण 6,600, साचलेलं व्याज वेगळं. ज्या कॉलेजात सीट घेणार तिथून पास झालेल्या दोघातिघांना खरा पगार विचार. आणि शिकताना जमेल तेवढं व्याज भरत जा बाळा, लई फरक पडतो.