वाचकांचे प्रश्न : खोल समुद्रातली घुसळण

प्रश्न : मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. जहाजावरून घेतलेल्या सीटीडी (पाण्याची वाहकता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र) नोंदी उतरवून घेतल्या आणि थॉर्पच्या पद्धतीने (नमुने घनतेनुसार क्रमाने लावताना ते किती सरकतात, त्यावरून) ४००० मीटरच्या आसपासचा उभा विसरणांक, म्हणजे घुसळणीने पाणी वर-खाली किती मिसळतं याचं माप, काढला. थॉर्प-लांबी (ते सरकणं साधारण किती, ते) ५ मीटर, स्तरांची वारंवारता (एन, खोलीनुसार घनता किती झपाट्याने वाढते याचं माप) सेकंदाला ०.००१. उत्तर सेकंदाला ३२ चौरस सेंटिमीटर आलं. पुस्तकात १ च्या आसपास दिलंय. ५०० मीटरच्या नोंदीत उलटलेले पट्टे (जड पाणी हलक्याच्या वर आलेले) सगळे मिळून २० मीटर भरतात. चुकलं कुठे? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : गुणाकार-भागाकारात काही चुकलेलं नाही. ऊर्जाऱ्हास (घुसळणीत खर्ची पडणारी ऊर्जा) म्हणजे ०.६४ गुणिले लांबीचा वर्ग गुणिले एनचा घन. तो किलोमागे १६ नॅनोवॉट येतो. त्याला ०.२ ने गुणून एनच्या वर्गाने भागलं की ३२. पण हा आकडा फक्त उलटलेल्या पाण्याचा झाला. उरलेल्या ४८० मीटरमध्ये ऱ्हास शून्य धरा, आधी ऱ्हासाची सरासरी काढा आणि मगच भागा. १.२८ येईल. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मुंक यांनी १९६६ साली प्रशांत महासागराच्या १ ते ४ किलोमीटर खोलीसाठी १.३ काढला होता. जुळलं म्हणून लगेच पेढे वाटू नका. त्यांचा आकडा विस्तीर्ण प्रदेशाची सरासरी सांगतो, तुमच्याकडे एका वेळची एकच नोंद आहे.

शिवाय ते पट्टे खरे आहेत का, हे आधी बघावं लागेल. एन ०.००१ असताना मीटरमागे घनता जेमतेम ०.०००१ किलो प्रति घनमीटर बदलते. मोजणीतला गोंगाट ०.०००५ इतका असला, तरी घनतेनुसार नमुने क्रमाने लावताना ते पाच-पाच मीटर सरकतात. म्हणजे तुमची ५ मीटरची उलथापालथ निव्वळ गोंगाटही असू शकते! घनतेतला फरक गोंगाटाच्या काही पट असेल तोच पट्टा ठेवा, बाकीचे सोडून द्या.

घनता कोणत्या दाबाच्या संदर्भाने काढलीत? इतक्या खोलीवर ४००० डेसिबारचा (साधारण ४००० मीटर खोलीवरच्या दाबाचा) संदर्भ हवा. थंड पाणी जास्त दबतं, त्यामुळे पृष्ठभागाचा संदर्भ घेतला तर अटलांटिकच्या तळाशी नसलेली उलथापालथ दिसू लागते. एन मात्र क्रमाने लावलेल्या नोंदीवरूनच काढायचा, मूळ नोंदीवरून नाही.

आणखी एक. सार्वजनिक फायलींत बहुधा १ किंवा २ डेसिबारची सरासरी असते, तिच्यात छोट्या उलथापालथी पुसल्या जातात. सेकंदाला २४ नमुन्यांची कच्ची फाईल मागवा. त्यातही फक्त उतरतीची नोंद घ्या, कारण वर येताना संवेदक यंत्राच्याच मागच्या घुसळलेल्या पाण्यातून जातात. लाटांनी जहाज हेलकावलं की उतरतीतही यंत्र क्षणभर थबकतं किंवा उलटं वर येतं. तेवढे तुकडे कापून टाका. तापमान आणि वाहकता यांचे संवेदक सारख्या वेगाने प्रतिसाद देत नाहीत, त्यातून क्षारतेत खोटे काटे उमटतात. ती दुरुस्ती क्रम लावण्याआधी करायची.

प्रश्न : अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर हा सराव होईल का? (सदर, नागपूर)

उत्तर : परवानगी काढून नाव मिळाली तर उत्तम. मे महिन्यातल्या दुपारी वरचं पाणी ३० आणि तीन मीटर खालचं २८ अंश असेल असं समजा. एन सुमारे ०.०४५ येतो, खोल समुद्राच्या पंचेचाळीस पट. तापमापीची चूक ०.०१ अंश असली तरी सरकणं दीडेक सेंटिमीटरचंच. इथे गोंगाटापेक्षा मंद संवेदक जास्त त्रास देतो : प्रतिसादाला एक सेकंद लागत असेल आणि दोरी सेकंदाला १० सेंटिमीटर सोडलीत, तर तेवढीच लांबी पुसली जाते. वाऱ्यावर नाव हलू देऊ नका.

प्रश्न : उभ्या स्तंभाच्या प्रारूपात (पाण्याचा एक उभा खांब धरून संगणकावर केलेल्या गणितात) विसरणांक सगळीकडे सेकंदाला १ चौरस सेंटिमीटर ठेवला तर चालेल? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : एवढ्याने भागत नाही. १९९२ मध्ये ईशान्य अटलांटिकात सुमारे ३०० मीटरवर सल्फर हेक्साफ्लोराइड (माग काढण्यासाठी वापरलेलं रसायन) सोडून ते कसं पसरतं हे पाहिलं, तेव्हा आकडा ०.१ च्या आसपास निघाला. ब्राझील खोऱ्यात सपाट तळावर तेवढाच, पण मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या खडबडीत तळावर १ च्याही वर. भरती-ओहोटीचा प्रवाह त्या खडकांवर आदळून आतल्या लाटा उठवतो, त्या तिथेच फुटतात. म्हणून ०.१ पार्श्वभूमीला ठेवा. भरतीची जी ऊर्जा आतल्या लाटांत जाते, तिचा तिसरा हिस्सा तिथेच खर्ची घाला आणि तळापासून वर ५०० मीटरच्या मापाने घातांकी कमी करत न्या. तळाशी एन अगदी लहान झाला की भागाकार भडकतो, तेव्हा वरची मर्यादा घालावीच लागते.

आता खरी खोड. विसरणांक खोलीनुसार बदलत असताना त्याला तापमानाच्या दुसऱ्या अवकलजाने नुसतं गुणलं, तर उष्णता हवेतून निर्माण होते. प्रवाह काढायचा तो दोन थरांमधल्या सीमेवर, विसरणांकही तिथलाच, आणि मग दोन सीमांच्या प्रवाहांतली वजाबाकी. थर १० मीटरचे, विसरणांक ३२, तर साध्या पुढच्या-पावली पद्धतीत (आताच्या आकड्यांवरून थेट पुढचे काढणाऱ्या) गणिताच्या एका पावलीचा कालखंड सव्वाचार तासांच्या आत ठेवावा लागतो. विसरणांक १००० झाला तर जेमतेम ५०० सेकंद. त्यापेक्षा त्रिकर्णी सारणी सोडवणारी अव्यक्त पद्धत (सगळ्या थरांचे पुढचे आकडे एकदम सोडवणारी) लिहा, कोड वीस-पंचवीस ओळींत बसतो.