खोडलेल्या ओळी आधी वाच

प्रिय स्नेही,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची वहीची पाच पाने मिळाली. ‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक बँडचा गायक आणि गीतकार कर्ट कोबेन याच्या खासगी लिखाणाचे पुस्तक तू महिनाभर उशाशी ठेवले आहेस आणि त्यावरून तुझी खात्री झाली आहे की, आतून मोडल्याशिवाय खरे गाणे सुचत नाही. तेच पुस्तक मी या आठवड्यात पुन्हा काढले. तुझे म्हणणे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो.

ज्याला तू डायरी म्हणतोस ती रूढ अर्थाने डायरी नाही. कोबेनच्या मागे वीसहून अधिक वह्या राहिल्या आणि त्यांतली निवडक पाने मृत्यूनंतर आठ वर्षांनी, २००२ साली, छायाचित्रे घेऊन जशीच्या तशी छापली गेली. म्हणून तर रेघी वहीच्या ओळी, काट मारलेले शब्द आणि शुद्धलेखनाच्या चुका डोळ्यांना दिसतात. बहुतेक पानांवर तारीख नाही. गाण्यांचे खर्डे, पत्रांचे मसुदे, टी-शर्टवरची चित्रे, व्हिडिओत काय दाखवायचे त्याची टिपणे, आवडत्या पन्नास आल्बमची यादी असा सगळा ऐवज त्यात आहे. आपल्याकडे अशा गोष्टीला ‘बाड’ म्हणतात, आणि बाड वाचण्याची रीत कबुलीजबाब वाचण्याच्या रीतीहून वेगळी असते.

त्यातले एक पत्र तू बहुधा घाईत उलटलेस. एका ड्रमवादकाला बँडमधून काढायचे आहे आणि कोबेन त्याला कारण लिहितो आहे : काही साधायचे असेल तर बँडने आठवड्यातून निदान पाच वेळा तालीम केली पाहिजे. हे लिहिणारा तरुण तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबरडीन या लाकडाच्या धंद्यावर जगणाऱ्या गावातून तो आलेला, शाळा शेवटच्या टप्प्यावर सोडलेली, पोटासाठी कधी झाडलोटीचे काम केलेले. अशा माणसाने ‘पाच वेळा’ हा आकडा लिहावा, यात मला त्याच्या साऱ्या उदास ओळींपेक्षा अधिक काही सापडते. पुढे रेकॉर्ड कंपन्यांना पाठवण्यासाठी बँडचा परिचय त्याने पुन्हापुन्हा लिहिला आहे. तीच माहिती प्रत्येक वेळी थोड्या निराळ्या विनोदाने मांडलेली आहे, आणि एवढ्या खटपटीला आपण फारशी किंमत देत नाही. पहिला आल्बम १९८९ साली आला तो ६०६ डॉलर १७ सेंट खर्चात ध्वनिमुद्रित झाला होता, आणि त्यावर त्याने स्वतःचे नाव मुद्दाम वेडेवाकडे, ‘कर्ड्ट कोबेन’ असे छापून घेतले. (बँडला ‘निर्वाणा’ हे नाव का, तर काहीतरी सुंदर वाटेल असे नाव हवे होते, असे तो सांगत असे. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीकडे निघालेली माणसे लहानपणापासून पाहिलेल्या आपल्यासारख्यांना तो शब्द इतका हलका कधी वाटणार नाही, पण ते असो.)

दुःख त्या वह्यांत नाही असे मी म्हणत नाही. तो नऊ वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले. पुढे पोटाच्या दुखण्याने त्याला वर्षानुवर्षे छळले. त्या दुखण्यावर उतारा म्हणून आपण रोज हेरॉइन घ्यायचे ठरवले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मात्र त्या पानावर गाणे नाही. सप्टेंबर १९९१ च्या आल्बमने जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सनला अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले, तो आल्बम तालमींतून आणि खर्ड्यांतून उभा राहिला होता. १९९३ च्या आल्बममधली काही गाणीसुद्धा १९९०-९१ मध्येच रचलेली होती. शेवटच्या महिन्यांत मित्रांनी आणि घरच्यांनी त्याला घेरून समजावले, तो लॉस एंजेलिसच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि दोनच दिवसांत तिथून निघून गेला. ५ एप्रिल १९९४ रोजी सिॲटलच्या घरी त्याने जीवन संपवले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याची मुलगी दोन वर्षांचीही नव्हती. त्या दोन दिवसांऐवजी तो दोन महिने तिथे राहिला असता, तर आज साठीच्या आसपासचा एक चिडखोर, विनोदी गृहस्थ नवी गाणी करत असता, अशी कल्पना मी अनेकदा करतो. ती मला त्याच्या मृत्यूभोवतीच्या दंतकथेपेक्षा कितीतरी जास्त आवडते.

ही पाने छापायला हवी होती का, हा तुझा प्रश्न योग्य आहे. मी गेल्यावर माझी डायरी वाचू नका, असे तो लिहितो आणि लगेच, वाचा, माझ्या वस्तू चाळा, मला समजून घ्या, असेही लिहितो. मला ते पुस्तक उघडताना दर वेळी संकोच वाटतो आणि तरी मी ते उघडतो.

आता तुझ्या पाच पानांविषयी. त्यांतली चार गाण्यांची आहेत आणि त्यांत एकही शब्द खोडलेला नाही, ही माझी तक्रार आहे. दुसऱ्या गाण्याचा अंतरा चांगला आहे, पण धृपद तुझे नाही. ते तुला सहज सुचले म्हणून तू ठेवलेस. पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. तिन्ही कडव्यांची निदान चार-चार रूपे लिहून मगच पुन्हा पाठव.

पाचवे पान मी गाणे म्हणून वाचलेले नाही. तीन आठवडे झोप नाही, तालमीला जाणे बंद झाले आहे आणि आपण नसलेलेच बरे असे वाटते, हे तू गाण्यांच्या पानांमागे टाचून पाठवलेस, म्हणजे कोणीतरी ते वाचावे अशी तुझी इच्छा होती. ते मी वाचले. त्यावर पत्रातून बोलणार नाही. माझ्या ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांची शनिवारची वेळ घेतली आहे, मी सोबत येईन आणि बाहेर बसेन. तोवर रात्री असह्य झाले तर मला कितीही वाजता फोन कर. माझा लागला नाही तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

हे पत्र हाती पडताच आधी फोन कर. शनिवारी साडेनऊला मी तुझ्या दाराशी असेन. गिटार बरोबर घे, परतताना माझ्याकडे जेवायचे आहे.

तुझा,
काका