एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताना हवेच्या प्रदूषणाची काळजी करायची का?

हो, करायचीच. वर हवा स्वच्छच असणार, असं आपण धरून चालतो. पण वाटेतल्या लोबुचे गावाजवळ ५,०७९ मीटरवरच्या संशोधन केंद्रात काजळीचे कण मोजले गेलेत, तेही पावसाळ्याआधीच्या महिन्यांत जास्त. म्हणजे नेमके एप्रिल-मे, चढाईचा हंगाम! दुपारी वारा दरीतून वर वाहतो आणि खालचा धूर सोबत आणतो.

बेस कॅम्पला (५,३६४ मीटर) दर श्वासाला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा मिळतो. त्यामुळे श्वास जोरात, तोंडाने घेतला जातो आणि नाकाची गाळणी कामाला येत नाही. त्यात कोरडी, गार हवा. या भागाला खुंबू म्हणतात, आणि तिथला 'खुंबू खोकला' प्रसिद्ध आहे. काहींना तर खोकून खोकून बरगडीला चीर जाते.

मला खरी भीती वाटते ती बंद जागेतल्या धुराची. लॉजच्या जेवणघरात मधोमध शेगडी असते, याकच्या शेणाच्या गोवऱ्या घालायला झाकण उचललं की धुराचा लोट तोंडावर येतो. थंडी कितीही असो, तिथून लांब बसा. तंबू बंद करून आत स्टोव्ह तर कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडने डोकं दुखतं, मळमळतं, आणि ते उंचीमुळेच होतंय असं वाटून माणूस आतच पडून राहतो.

दमा असेल तर इनहेलर अंगावरच्या खिशात ठेवा आणि काठमांडूत मास्क लावा. आराम करतानाही धाप लागत असेल तर सकाळची वाट न बघता खाली उतरा.