छोट्या पिस्तुलात मोठी गोळी घ्यावी का? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळची जवळजवळ सगळी पत्रं अमेरिकेतूनच आलीत आणि बहुतेकांचा विषय एकच आहे, कपड्याखाली लपेल इतकं छोटं पण .४५ सारखी मोठी गोळी मारणारं पिस्तूल. (.४५ म्हणजे इंचाच्या शंभर भागांतले ४५, गोळीची जाडी; .४०, .३८ हे आकडेही तसेच, ९ एमएम म्हणजे ९ मिलिमीटर.) मी रेंजवर नवख्यांना शिकवते, त्यामुळे जे सांगतेय ते रोज लोकांचे हात कसे चालतात ते बघून सांगतेय. कायद्याचं मात्र सर्वसाधारण सांगितलंय, तुमची केस वेगळी असेल तर वकिलाला विचारा, यात कंजुषी नको.

प्रश्न : ताई, आम्ही टेक्सासमधल्या प्लेनोला राहतो, मी सिटिझन आहे. दुकान रात्री उशिरा बंद करून कॅश घेऊन घरी येतो. मित्र म्हणतात ९ एमएममध्ये दम नाही, घ्यायचं तर .४५च घे. पण कंबरेला लपलं पाहिजे. ग्लॉक ३०, ग्लॉक ३६, स्मिथ अँड वेसनचं शील्ड .४५ आणि ३ इंची नळीचं १९११ (त्या नावाच्या जुन्या लष्करी पिस्तुलाचं छोटं रूप) अशी चार नावं काढलीत. कुठलं घेऊ?

उत्तर : दादा, आधी मित्रांच्या म्हणण्याबद्दल बोलू, कारण ते अगदीच हवेतून आलेलं नाही. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मारले गेले. त्यात एका एजंटची ९ एमएमची गोळी दरोडेखोराला बरोबर लागली होती पण हृदयापर्यंत पोचायच्या आधीच थांबली, आणि तो माणूस त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. तिथून ९ एमएमचं नाव खराब झालं, एफबीआयने आधी १० एमएम आणली, मग १९९० मध्ये .४० आली, आणि .४५ वाले म्हणाले बघा आम्ही सांगतच होतो. पण पुढचं कोणी सांगत नाही. त्याच घटनेनंतर गोळ्या तपासायची नीट पद्धत बसली, जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच आत गेली पाहिजे, जाड कापडातून गेल्यावरसुद्धा ती उमलली, म्हणजे तोंड पसरून रुंद झाली पाहिजे वगैरे. कंपन्यांनी त्या परीक्षेसाठी गोळ्या सुधारल्या आणि २०१५-१६ च्या सुमारास एफबीआय स्वतःच परत ९ एमएमवर आली, कारण चांगल्या होलो पॉइंट (तोंडाला खळगा असलेल्या, लागल्यावर उमलणाऱ्या) गोळ्यांमध्ये फरक फार उरला नव्हता आणि ९ एमएमने बहुतेक एजंटांचा नेम जास्त चांगला बसत होता.

आता .४५चं बघा. ही गोळी जॉन ब्राउनिंगने गेल्या शतकाच्या सुरुवातीला बनवली आणि ती १९११ च्या ज्या लष्करी पिस्तुलात गेली त्याची नळी ५ इंचांची आणि वजन रिकामं असताना १ किलोच्या वर. त्या नळीतून साधारण १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेआठशे फुटांच्या आसपास जाते, म्हणजे मुळातच ती जड आणि संथ गोळी आहे. नळी कापून सव्वातीन इंचांवर आणली की तिचा आणखी वेग जातो, आणि होलो पॉइंट उमलायला वेगच लागतो, त्यामुळे लांब नळीतून छान उमलणारी गोळी छोट्या पिस्तुलातून न उमलता तशीच सरळ जाऊ शकते. म्हणून छोटी .४५ घेतली तर छोट्या नळीसाठीच बनवलेली गोळी शोधा, बॉक्सवर तसं लिहिलेलं असतं.

वजनाचं तर अजून महत्त्वाचं. शील्ड .४५ रिकामं साधारण ५८० ग्रॅमचं आहे, म्हणजे जुन्या १९११ च्या जवळपास अर्धं, आणि गोळी तीच. तो सगळा झटका तुमच्या मनगटात येतो. पहिली गोळी कुठे जाते यापेक्षा दुसरी आणि तिसरी किती लवकर आणि कुठे जाते हे मी बघते, आणि छोट्या .४५ वर बहुतेकांची दुसरी गोळी उशिरा जाते आणि भलतीकडे जाते, आणि तीन-चार मॅगझिननंतर झटक्याच्या धास्तीने चाप ओढायच्या आधीच हात खाली दबायला लागतो. ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात.

तरी .४५च पाहिजे असेल तर तुमच्या चारांत मी ग्लॉक ३० ला पहिला नंबर देईन. नळी पावणेचार इंचांच्या जवळ, रिकामं वजन साधारण ७५० ग्रॅम, मॅगझिनमध्ये १० गोळ्या, आणि ते वजनच तुमच्या मनगटाला मदत करतं. अडचण एकच, ते जाड आहे, बारीक अंगकाठीच्या माणसाच्या शर्टाखाली उठून दिसतं आणि लहान हातात मूठ नीट बसत नाही. ग्लॉक ३६ बारीक आहे, नळी तेवढीच, पण ६ गोळ्या आणि वजन कमी. शील्ड .४५ लपायला सगळ्यात सोपं आणि मूठ चांगली, मॅगझिन ६ आणि ७ गोळ्यांची, सडपातळ माणसाने .४५ घ्यायचीच असेल तर हे. ३ इंची १९११ मात्र मी नवख्याला अजिबात सुचवत नाही. दिसायला सुंदर असतं, चाप लोण्यासारखा, पण स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाला, मागे जायला जागा कमी असल्यामुळे ती फार जोरात मागेपुढे होते, मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढची गोळी वर ढकलायला वेळ अपुरा पडतो, रिकॉइल स्प्रिंग लवकर थकते आणि बदलत राहावी लागते. शिवाय ते घोडा मागे ओढून सेफ्टी लावून बाळगायचं असतं, आणि घाबरलेल्या क्षणी ती सेफ्टी अंगठ्याने आपोआप खाली गेली पाहिजे, तेवढा सराव तुम्ही करणार आहात का हे स्वतःलाच विचारा.

विकत घ्यायच्या आधी रेंजवर भाड्याने घ्या. ग्लॉक ३०, शील्ड .४५, आणि तिसरं सिग पी३६५ सारखं छोटं ९ एमएम, जे रिकामं ५०० ग्रॅमच्या आसपास असून १० गोळ्या घेतं. ७ यार्डांवर कागदाची प्लेट लावा आणि प्रत्येकाने जमेल तेवढ्या पटपट पाच गोळ्या मारा, मग परत मारा, हात दमल्यावर पुन्हा मारा. ज्याच्या पाचही गोळ्या दमलेल्या हाताने प्लेटमध्ये बसतात ते घ्या. .४५ बसत असेल तर आनंदाने .४५ घ्या, मी अडवणार नाही. पण .४५च्या गोळ्या साधारण दीडपट ते दुप्पट महाग पडतात, आणि महाग पडलं की माणूस रेंजवर जायचं टाळतो, हे मी फार बघितलंय. आणि होल्स्टर चांगलं कडक घ्या, चाप पूर्ण झाकणारं, सोबत जाड बेल्ट. साध्या ऑफिसच्या बेल्टवर भरलेलं ग्लॉक ३० लोंबकळतं आणि महिन्याभरात ते ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय बाळगता येतं हे खरं, तरी परवाना काढाच. फी ४० डॉलर आहे. शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई करणारा जो फेडरल (केंद्र सरकारचा) कायदा आहे त्यातून राज्याचा परवाना असलेल्याला सूट मिळते, आणि प्लेनोत दुकान ते घर या रस्त्यात एकही शाळा नाही असं होईल का? बारच्या दारावर ५१ टक्क्यांचा (निम्म्याहून जास्त कमाई दारूची, असं सांगणारा) लाल बोर्ड असेल तर आत न्यायचंच नाही. देवळात जाताना दारावर ३०.०६ चा (परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल आत नको, असं सांगणारा) बोर्ड आहे का तेही बघा.

आणि दादा, एक कळकळीने सांगते. कॅश मागणाऱ्याला कॅश देऊन तो जात असेल तर देऊन टाका. पिस्तूल गल्ला वाचवायला घेऊ नका, जीव वाचवायचा दुसरा मार्गच उरला नाही त्या वेळेसाठी ते आहे. आणि रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने कॅश नेणं आधी बंद करा, हे कुठल्याही कॅलिबरपेक्षा जास्त कामाचं आहे.

प्रश्न : मी टेक्सासमध्येच शुगरलँडला असते, वय ६२, बोटांना संधिवात आहे. मुलगा म्हणतो छोटं .३५७ रिव्हॉल्व्हर घे, पर्समध्ये राहील, स्लाइड ओढायची कटकट नाही. बरोबर आहे का?

उत्तर : काकू, स्लाइडबद्दल मुलाचं म्हणणं बरोबर आहे, बाकीचं नाही. रुगर एलसीआर सारखं .३५७ पाचशे ग्रॅमसुद्धा भरत नाही आणि त्यातून पूर्ण ताकदीची .३५७ मारणं धट्ट्याकट्ट्या माणसालाही नकोसं होतं, तुमच्या सांध्यांना तर ते सोसवणारच नाही. त्यातच .३८ स्पेशल गोळी चालते आणि ती बरीच मवाळ आहे, पण रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड असतो, संधिवाताच्या बोटाने तो पाच वेळा ओढून बघा मग ठरवा. छोट्या .४५चं नाव तर काढूच नका, त्यांच्या स्प्रिंगा अशा कडक असतात की तरुण पोरीही स्लाइड ओढताना रडकुंडीला येतात. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी नावाचं मॉडेल आहे, .३८० आणि ९ एमएममध्ये मिळतं, त्याची स्लाइड मुद्दाम हलकी ठेवलेली आहे. तुम्ही .३८० वालं हातात घेऊन बघा, मला वाटतं शोध तिथेच संपेल.

पर्सला मात्र माझा ठाम नकार आहे. पर्स आपण खुर्चीला लावतो, गाडीत ठेवतो, नातवंडं त्यात चॉकलेट शोधतात. चोर ओढतो तीही पर्सच. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा राहू द्या, तुम्ही नातवंडांची आजी आहात. सलवार-कुर्त्यावर बेल्ट नसतो ही खरी अडचण आहे, त्यासाठी पोटाला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, फक्त त्यात चाप कडक आवरणाने झाकलेला असेल असाच घ्या, नुसता कापडी खिसा नको. आणि अंगावर नसेल तेव्हा बोटांच्या ठशाने किंवा बटणांनी उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत. उशीखाली किंवा कपाटात साड्यांच्या घडीत कधीच नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. इथे तशीही १० गोळ्यांची मर्यादा आहे आणि होलो पॉइंट बाळगता येत नाही म्हणतात. मग .४५च शहाणपणाची नाही का?

उत्तर : तुमचा मुद्दा मला पटतो, आणि .४५च्या बाजूने हाच सगळ्यात चांगला युक्तिवाद आहे. जून २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या ब्रुएन निकालानंतर तुमच्याकडे सामान्य माणसाला बाळगायचा परवाना मिळायला लागला, त्याला शूटिंगची परीक्षा द्यावी लागते. होलो पॉइंट घरी आणि रेंजवर चालते, अंगावर बाळगायला मनाई आहे. साधी गोल तोंडाची गोळी असेल तर ती उमलणार नाही, तेव्हा साडेअकरा मिलिमीटरचं भोक ९ मिलिमीटरच्या भोकापेक्षा मोठंच. आणि १० च्या मर्यादेत ग्लॉक ३० अगदी बरोबर बसतं. पण दोन गोष्टी बघा. ज्यांचं तोंड पॉलिमरने (एक प्रकारच्या प्लास्टिकने) भरलेलं आहे अशा काही गोळ्या तिथले स्टेट पोलीस होलो पॉइंटमध्ये धरत नाहीत आणि त्या ९ एमएममध्येही मिळतात, म्हणजे .४५चा हा फायदा निम्मा तिथेच संपतो. दुसरं, गोल तोंडाची गोळी अंगातून आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते, आणि ओक ट्री रोडवरच्या शनिवारच्या गर्दीत तुमच्या मागे-पुढे कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे. मी असते तर पॉलिमरवाली ९ एमएम घेतली असती.

प्रश्न : एच-१बी (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसा) वर आहे, आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) अप्रूव्ह झालंय. टेक्सासमध्ये परवाना लागत नाही, मग मी घेऊ शकतो ना?

उत्तर : नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळीसुद्धा बाळगणं फेडरल गुन्हा आहे, २०२२ पासून त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यानंतर ग्रीन कार्डाचं स्वप्न विसरायचं. राज्याचा कायदा सैल असला तरी हा फेडरल कायदा सुटत नाही. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणंही यातच येतं, हे बहुतेक मुलांना माहीतच नसतं. राज्याचा शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांना कायद्यात अपवाद आहे, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्या भरवशावर पाऊल टाकू नका. ग्रीन कार्ड हातात आलं की रीतसर फॉर्म भरून घेता येईल.

प्रश्न : डिसेंबरमध्ये पुण्याला जातोय. पिस्तूल अर्थातच नेणार नाही. अजून काय काळजी घ्यायची?

उत्तर : रेंजला जी बॅग नेता ती प्रवासाला नेऊ नका, एवढं एक केलं तरी पुरे. भारतातल्या एअरपोर्टांवर बॅगेच्या अस्तरात किंवा बाजूच्या कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस सापडून लोकांवर १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हे दाखल झालेत, त्यात अमेरिकेतून आलेली आपली माणसंही असतात. नकळत राहिलं होतं असं दिसल्यावर हायकोर्टांनी असे गुन्हे रद्दही केलेत, पण तोपर्यंत फ्लाइट गेलेली असते, रात्र पोलीस स्टेशनात जाते आणि पुढे तारखा. शिवाय ९ एमएम तिकडे प्रोहिबिटेड बोअरमध्ये मोडते, म्हणजे साधा परवाना असलेल्या माणसालाही ती चालत नाही. मुलांच्या बॅगा, लॅपटॉपची बॅग, जॅकेटचे आतले खिसे, सगळं उलटं करून झटका आणि मगच सामान भरायला घ्या, झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यासुद्धा काढून टाका.